तिनात एक

दोन खांबांमध्ये उभं राहायला कुणी तयार नव्हतं,
म्हणून थ्यूरा उभी राहिली.
वय नऊ. बाकीच्यांना गोल करायचे होते,
तिला, असं ती नंतर म्हणाली, पळायचा कंटाळा होता.

ती सोळा नंबर, मी बारा.
अकरा वर्षं मी तिला बाकावरून पाहिलं,
म्हणजे बाजूने. अर्धा चेहरा, एक कान.
ती हंगेरीत होती ती चार वर्षं मी पहिली गोलकीपर होते.
त्याबद्दल कुणी विचारत नाही.

आमच्यात झेल नसतो.
सहा मीटरवरून सुटलेला चेंडू कुणी झेलत नाही,
त्याच्या वाटेत आपलं काहीतरी ठेवायचं:
पोटरी, कोपर, एकदा तिने कपाळ ठेवलं.
हातमोजे नाहीत.
तिनात एक अडवला तर चांगली म्हणतात,
पाचात दोन अडवले तर पेपरात फोटो.
उरलेले वाकून जाळ्यातून तूच काढायचे.

तिचा बाप लिमफ्योर्डमध्ये शिंपले काढायचा.
म्हणायचा, जाळ्यात आलं की मी खूश,
तुझ्या जाळ्यात आलं की तू रडतेस,
एका घरात एवढं कसं जमायचं?

आयनर, हॉलचा केअरटेकर, राळेवर दात खाऊन असायचा.
बोटांची राळ चेंडूला, चेंडूची खांबांना, दाराच्या कडीला.
थ्यूरा आंघोळीआधी अंगावरचे चिकट ठसे मोजायची:
आज अकरा. आज नऊ आणि हा कानामागचा.
मग तेल चोळून काढायची.
पेपरवाल्यांनी उडवली ती राळ वेगळी,
हंगेरीहून ती फाटका गुडघा घेऊन आली त्या हिवाळ्यातली.
ती तेलाने निघाली नाही.

खरं सांगते, गुडघ्याची बातमी कळली तेव्हा
मी आधी तारखा मोजल्या, किती सामने माझे.
मग फोन केला.

मुलगी झाल्यावर सातव्या महिन्यात ती परत चौकटीत.
मध्यंतरात मी टॉवेल धरून उभी, ती आडोशाला दूध काढतेय,
आणि प्रेबेन, आमचा कोच, भिंतीला डावपेच समजावतोय.

शेवटचा सामना. एक गोल मागे, पन्नास सेकंद.
प्रेबेनने हाताने बोलावलं: चौकट सोड, सातवी खेळाडू आत.
ती धावत येऊन माझ्या शेजारी बसली.
आमचा पास कापला गेला.
त्यांच्या मुलीने तिथूनच, पार पलीकडून, चेंडू उचलून टाकला.
दोन टप्पे, मग नुसता घरंगळत.
एवढा सावकाश चेंडू थ्यूराने आयुष्यात पाहिला नसेल.
समोर रिकामं दार.
आणि बाकावर बसल्या बसल्या तिचा डावा पाय उडाला,
थेट माझ्या नडगीवर.

तो गोल तिच्या खात्यात नाही.
माझी नडगी महिनाभर निळी होती.

आता ती फेरीबोटीच्या ऑफिसात बसते.
काल मी खिडकीतून गाडीच्या किल्ल्या फेकल्या, घे म्हणून.
तिने झेलल्या नाहीत.
पंज्याने खाली पाडल्या,
दुखरा गुडघा सांभाळत वाकली,
उचलल्या,
आणि पाहिलं माझ्याकडे,
दुसऱ्या येतायत का म्हणून.