उरलेलं पाणी

तोरिंगाला जखम होते ती देठाशी,
जिथे कोयता घाईत फिरतो.
दोन दिवसांनी तिथे ओला, मऊ डाग,
मग पांढरी लव,
आणि पाचव्या दिवशी नुसतं बोट लावलं
तरी हिरवी भुकटी उडते, टोपलीभर.

एक फळ मात्र
पाचोळ्यात महिनाभर पडूनही टणक होतं.
मी त्याची साल खरवडली, काचेच्या बशीत पेरली.
उगवलं काय तर
सायीसारखं सुरकुतलेलं, मळकट,
फुर्तादसरांनी ज्याला पाहून नाक मुरडलं.
पण त्याच्यापासून बोटभर अंतरावर
बुरशी थांबली होती,
शिमेवर कुणी हटकल्यासारखी.

गावडोंगरीत कुष्टा वेळीपच्या पडवीत
चोवीस तोरिंगं, चवथीच्या माटोळीसाठी काढलेली.
मी बादलीत बाटली ओतली. पाणी गढूळलं.
"ह्यात काय?"
"जिवाणू. जखमेत आधी जाऊन बसतात,
बुरशीला जागाच ठेवत नाहीत."
"म्हणजे राखणदार."
मी मान हलवली, हो आणि नाहीच्या मधे कुठेतरी.
"मग रोट काय देतेस त्यांना?"
"माडाचा गूळ. थोडाच."
"विडी?"
"नाही लागत."
ह्याचं त्याला जरा नवल वाटलं.

बारा फळं बुडवली.
बारांना लाल दोरा बांधून कोरडीच ठेवली.
"ह्यांनी काय केलं?" त्याने विचारलं.
मी समजावलं: तुलना, पुरावा,
काही कुजल्याशिवाय
बाकीची वाचली हे म्हणायचं कसं.
तो ऐकत होता.
बघत होता दोऱ्याकडे.

अकराव्या दिवशी गेले, विसर्जनाच्या दुपारी.
कांगलांची लाली सुकलेली, सुपारीचे घोस काळवंडलेले,
केळी तर केव्हाच गळून पडली होती.
आणि त्या सगळ्यात तोरिंगं,
घट्ट, पिवळसर,
देठाशी वास घेतला तर झाडाचाच.
मोजली. चोवीस.
लाल दोऱ्याचीसुद्धा.

कुष्टा नारळ सोलण्यात गुंतलेला,
मान वर काढेना.
सून म्हणाली, हळूच,
"बादलीत पाणी उरलं होतं ना, बाय."

परतीच्या बसमध्ये मांडीवर वही.
रकाना दुसरा, प्रक्रिया न केलेली फळे.
करमलघाट संपेपर्यंत
पेन तसंच धरून होते.
मग लिहिलं: उपलब्ध नाहीत.