खालच्या ओळीवर उजेड

सकाळी नऊनंतर ऊन दारापाशी येतं.
पुठ्ठ्यावर मी चांदीचा कागद चिकटवलाय,
त्यानं ते उचलतो, कोपऱ्यातून वळवतो
आणि मालकाच्या छातीवर टाकतो.
मालक होडीत उभा. ढांग टाकून.
एका भाल्यावर दोन मासे,
पायाला चिखलाचा ठिपकाही नाही.
पाहुणे त्याचेच फोटो घेतात, बक्षिशी देतात.

दसूकी, माझा मेहुणा, बुरुल्लुसच्या तळ्यावरचा.
धाकटीच्या साखरपुड्याला सक्काऱ्याला आला तेव्हा
म्हटलं, चल, माझी नोकरी दाखवतो.
त्यानं मालकाकडे पाठच केली.
म्हणाला, उजेड खाली घे.
अजून खाली.

खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर,
सात जण जाळं ओढतात.
बावीस वर्षांत मी तिथं ऊन नेलं नव्हतं.
दसूकी उकिडवा बसला. बोट न लावता
मासे सांगत गेला, आपल्या आळीतली घरं सांगावीत तसे:
हा बुल्ती. हा कर्मूत, मिशा बघ.
हा फुगणारा, विषारी, परत सोडायचा असतो.
ही बोय. गाभोळीनं भरलीय, पोट बघ,
समुद्रातून चढून आलीय.
आता बंधारे झाले. आता इथवर येत नाही.

मग शेवटच्या माणसापाशी थांबला.
टक्कल, सुटलेलं पोट, दोर खांद्यावरून घेतलेला.
"याचा उजवा गेलाय," म्हणाला,
"सगळा भार डाव्यावर. कोरणाऱ्याला ठाऊक होतं."
आणि स्वतःचाच खांदा चोळत राहिला.
वर पाणघोडा जबडा फाडून ओरडत होता,
लव्हाळ्यात मुंगूस चढत होतं घरट्याकडे,
पोचत नव्हतं.
माझा हात भरून आला. पुठ्ठा हलला
आणि जाळ्यातलं पाणी हललं.
हे मी साहेबांना सांगितलेलं नाही.

वसंताच्या सणाला त्यानं
मिनीबसवाल्याच्या हाती डबा धाडला:
खारवलेली बोय, चांगली मुरलेली,
झाकण काढलं की गाव उठेल अशी.
भाकरी, कांदा, लिंबू. दाराआडच्या सावलीत
मी सोडून बसलो.
तेवढ्यात कॅमेरा सावरत एक बाई आत आल्या.
थबकल्या. नाक धरलं.
आणि आधी
भिंतीकडे पाहिलं.