वेशीवरचा

शनिवारी रात्री शटर अर्धं ओढून
पोवई नाक्यामागच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
आम्ही चौघं खेळायला बसतो.
दुनिया मी रचायची, बाकीच्यांनी तीत फिरायचं.
नियम पुस्तकातले.
प्राणी मात्र मी घरचेच घालतो.

ह्या खेपेचा, वहीत लिहिला तो असा :

कुळ, आसरांचं. सातीजणींचा मिळून एक कुत्रा.
उंची, बसला तर उभ्या माणसाच्या छातीला.
रंग भिजल्या गोणपाटाचा, पाठीवर शेवाळ.
कान एक तुटका. कशानं, ते अजून ठरवलेलं नाही.
जीव चौऱ्याऐंशी.
दात, दोन फासे अधिक चार.
झोप नाही.
भुंकणं तीनदाच; तिसरं ज्याच्या कानावर पडलं
त्याला स्वतःच्या घराची वाट आठवत नाही.
रानात चकवा लागतो ना, तोच,
फक्त पाळलेला.

जागा : धरणाच्या पोटात गेलेल्या गावाची वेस.
मे महिन्यात पाणी खाली सरकतं,
आधी कळस उघडा पडतो, मग चिंचेचं काळं खोड,
मग दोन दगडी खांब
आणि खांबांमध्ये हा.
कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही,
एवढंच त्याला सांगितलेलं.
गाव उठलं त्या दिवशी ट्रकात भांडी चढली,
कणग्या चढल्या, कोंबड्या, देव,
एक दार चौकटीसकट.
आता राखू नकोस, हे सांगायचं
ज्यानं त्यानं दुसऱ्यावर सोडलं.

ऐनुद्दीन चोर आहे. (दिवसा गॅस एजन्सीत हिशेब लिहितो.)
त्यानं मटणाचा तुकडा फेकला. फासा पडला, सात.
कुत्र्यानं हुंगलंसुद्धा नाही.
एकदा भुंकला.
प्रणोतीनं आगीचा गोळा सोडला.
म्हटलं, ओल्या अंगावर आग निम्मीच लागेल.
ती म्हणाली, दाखव कुठं लिहिलंय.
दहा मिनिटं पुस्तक चाळण्यात गेली,
चुरमुऱ्यांचा कागद रिकामा झाला,
नियम सापडला नाही, मी रेटून नेलं.
दुसऱ्यांदा भुंकला.

तुळाजी शेलारांची पाळी.
एसटीत कंडक्टर, आमच्यात सगळ्यांत थोरले.
पासांच्या प्रती काढायला आले होते एकदा,
मशीन अडकलं म्हणून थांबले, ते थांबलेच.
त्यांचा गडी तलवारवाला, चिलखतवाला,
दर वेळी दार फोडून आत जाणारा.

ते म्हणाले, तलवार खाली ठेवली.
मग मला, "ह्याला नाव काय?"
नाव मी घातलं नव्हतं.
"आरं, कुत्र्याला नाव नसतंय व्हय?"
थोडा वेळ नकाशावरल्या निळ्या पट्ट्याकडं बघत राहिले.
नंतर जे बोलले ते तलवारवाल्याच्या आवाजात नव्हतं.
"बाळ्या, मी खालच्या आळीचा. गुणाजी शेलाराचा नातू.
चुली कवाच इझल्या बाबा.
आत कोण न्हाई.
लई राखलंस. ऊठ आता."

पुस्तकात अशी चाल नाही.
मला काहीतरी म्हणायलाच हवं होतं,
म्हणून म्हटलं, टाका फासा. पंधराच्या वर हवं.
त्यांनी टाकला.
टेबलावरनं उडून तो मशीनखाली गेला,
बराच वेळ घरंगळल्याचा आवाज आला.
मशीन हलवायला दोघं लागतात.
कुणी उठलं नाही.

"मग उठला का?" प्रणोतीनं विचारलं.
मी म्हटलं, उठला.
अंग झाडलं. सगळ्यांवर पाणी उडालं.
ऐनुद्दीननं खरंच बाहीनं तोंड पुसलं
आणि लगेच, खजिन्याचं काय, म्हणून वाद काढला,
तो साडेबारापर्यंत चालला.
शेलार त्यात पडले नाहीत.
पहाटेची म्हसवड गाडी होती त्यांना.

सोमवारी झाडताना कुंच्याला फासा लागला,
धुळीत, टोनरच्या काळ्या भुकटीत.
वरचा आकडा चार.
मी तो सदऱ्याला पुसला
आणि बाकीच्यांबरोबर डब्यात टाकला.