बारा पॉइंट एक

एकतीस वर्षं मी मेगावॅट सांभाळले.
पंचवीस कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये,
शेवटची सहा अंबाझरीच्या लोड डिस्पॅचला.
दोनशे दहाचं युनिट ग्रिडला जोडताना
काटा बारावर येईपर्यंत श्वास रोखायचा,
मग खटका.
पलीकडे कुणाचा पंखा फिरला, कुणाची गिरणी सुरू झाली,
ते मला कधी दिसलं नाही.

आता माझ्याकडे एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर.
सीटा काढून दोन बर्थ, एक ओटा,
साठ लिटरची टाकी,
टपावर दोन पॅनल, बर्थखाली दोन बॅटऱ्या.
मोमिनपुऱ्याच्या इकरारभाईनं वायरिंग केलं,
बोटाएवढं मीटर बसवलं आणि म्हणाला,
"साहब, बारा पॉइंट एक. इसके नीचे गया
तो बॅटरी नहीं, पत्थर है."
मी हसलो. मला शिकवतो!

पहिल्या मुक्कामाला लांब गेलो नाही.
काटोल रोडनं फेटरीच्या पुढे,
गायधन्यांच्या संत्र्याच्या बागेत.
एप्रिल संपत आलेला.
गाडी आंब्याखाली लावली,
नागपूरचा माणूस आणखी कुठे लावणार?
पॅनलांनी दिवसभर सावली खाल्ली,
बॅटऱ्यांना उपास घडला.
कुमुद म्हणाली, "काहून जी,
आता तुमचा कोळसा वरून येते ना?"

तरी संध्याकाळी मी कूलर लावला.
छोटाच, पण कूलर तो कूलर,
एका तोंडानं वीज पितो, दुसऱ्यानं पाणी.
वाळ्याचा वास सुटला, अंग निवलं.
फ्रिज घरघरत होता, दोन मोबाइल चार्जिंगला,
तेवढ्यात चटणीसाठी मिक्सर फिरला
आणि इन्व्हर्टर टिटवीसारखा ओरडला.

अकरा पॉइंट आठ.

मग अंधार.
फोनवर फीडरचं नाव सांगून
जो मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गावी पाठवला,
तो येऊन माझ्या बर्थवर बसला.
घाम पुसत मी फ्यूज चाचपत राहिलो.
फ्यूज शाबूत होते.

कुमुदनं टॉर्च तोंडात धरला,
टाकीत काठी घालून पाहिली. चार बोटं.
ताटं भाकरीच्या तुकड्यानं पुसली, मग तांब्याभर पाण्यात विसळली,
ते पाणी बादलीत, बादली संत्र्याच्या बुडाशी.
छोट्या सिलिंडरवर ओलं फडकं फिरवलं,
वरचा भाग झरकन सुकला, खालचा ओला राहिला.
"इथवर गॅस आहे," तिनं बोटानं रेघ ओढली.
एवढ्या मोठ्या प्लांटमध्ये
असं मीटर मी पाहिलं नव्हतं.

"कुठे शिकलीस?"
"कुहीला. माहेरी."
"तुमच्याकडे किती तास जायची?"
"आठ. कधी बारा."
"मग काय करायचात?"
"काय करणार? बाहेर झोपायचो."

गादी बाहेर ओढली.
झाडांच्या वर, उत्तरेला,
कोराडीच्या चिमण्यांचे लाल दिवे लुकलुकत होते.
पंचवीस वर्षं त्यांच्या पायथ्याशी होतो,
लांबून असे, आडवं पडून, कधी बघितले नव्हते.
कुहीचा फीडर यादीत असायचा का,
मी आठवत होतो. आठवला.
तिला सांगायचं का, ते ठरेना,
तोवर ती घोरायला लागली होती.

पहाटे गाडी ढकलून उन्हाच्या वाटेत उभी केली,
चाकं सरकेनात म्हणून बागेतली दोन पोरं बोलावली.
माणसं सावलीत, गाडी उन्हात,
एवढं शिकायला साठी उलटावी लागली.
मी मीटरपुढे उकिडवा बसलो.
अकरा नव्व्याण्णव. बारा.
बारा पॉइंट शून्य चार.
काटा बारावर येताना छातीत व्हायचं
तेच पुन्हा झालं, अवघ्या तीनशे वॅटांसाठी.

"कुमुद! ये, बघ!"

ती आंब्याखालून उठली नाही.
"तुम्ही पाहा जी," म्हणाली,
"चहा गॅसवर होते. त्याले मीटर लागत नाही."