टॉवर एकशे चौदा, सोहार

रात्री अडीचला गाडी वाळूत थांबते.
टाकीतलं पाणी प्यायचं नाही, दुरमोहम्मद बजावतो.
इतकं निवळ की त्याला चवच नाही,
विजेलाही त्यातून वाट सापडत नाही.

वर तारा गुणगुणतात.
दव धरलं की गुणगुण चिडते,
बशांच्या माळेवर निळे किडे पळतात.
चिनीमातीच्या सोळा बशा, एकीखाली एक,
प्रत्येकीत समुद्राने मीठ वाढून ठेवलेलं
पंगत बसायची असल्यासारखं.

खालून वर धुवायचं. तळची बशी आधी.
उलट केलं तर घाण पाण्याची एकसंध रेघ होते
आणि वीज ती रेघ धरून उतरते.
एवढं शिकायला मला दोन उन्हाळे लागले.

बाप पेणकडे मिठागरावर होता.
तळव्यांना भेगा, भेगांत मीठ.
फोनवर त्याला सांगितलं, इथे मी मीठ धुतो.
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला, किती निघतं?
रात्रीला पसाभर असेल.
पसाभरासाठी एवढा पगार देतात?
आणि हसला, खोकला येईपर्यंत.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
आम्ही न खाल्लेल्या मिठाला जागतो,
गावभर एसी घुमत असताना,
कुणाचीही झोप न मोडता.

चार वाजता माळ गप्प होते.
दुरमोहम्मद कान लावतो, मान हलवतो,
नळी गुंडाळ म्हणतो.
बूट वाळूत रुततात, ओले.
एकशे पंधरा.