कळक की मेस

नेरूळला, स्टेशनपासून जरा आत
फुर्बाचं चार टेबलांचं हॉटेल आहे.
तिथं मी अण्णांना घेऊन गेले,
कारण घरात दोघांनी किती गप्प बसायचं.

पाण्याच्या आधी काड्या आल्या,
कागदी पाकिटातून, उदबत्त्यांसारख्या.
अण्णांनी वास घेतला. नख लावून पाहिलं.
उजेडात धरून एक डोळा मिटला.
"कळक नाही. मेसही नाही.
आपल्या डोंगरातला नाहीच हा.
पण तासणाऱ्यानं पेर चुकवलंय बघ.
हलकी धार. बाईचा हात असणार."

साठ वर्षं ठाण्यात, चरईच्या मागं,
या माणसानं बांबू उभा चिरला.
सुपं, हारे, करंड्या, कोंबड्यांची खुराडी.
लग्नाच्या सुपाला घासाघीस करणारी माणसं
तिरडीच्या बांबूंचे मुकाट्यानं पैसे मोजतात,
एवढंच तत्त्वज्ञान त्यांनी मला दिलं.

फुर्बा वाफाळते वाडगे ठेवता ठेवता सांगत होता:
आधी या काड्या ताटापाशी नव्हत्याच.
उकळत्या हंड्यात हात कोण घालणार,
म्हणून कुणीतरी दोन डहाळ्या मोडल्या,
हजारो वर्षांपूर्वी, चीनमध्ये.
मग सरपण महागलं.
लवकर शिजावं म्हणून सगळं बारीक चिरू लागले,
सुरी चुलीपाशीच राहिली
आणि जेवायला नुसत्या काड्या आल्या.
राजे म्हणे चांदीच्या वापरायचे,
विष कळावं म्हणून.
"कळायचं?" अण्णांनी विचारलं.
"राजे तर सगळे मेले," फुर्बा म्हणाला.

आणि भातात उभ्या खोचायच्या नाहीत हं,
ते फक्त गेलेल्या माणसासाठी.
अण्णांनी मान डोलावली.
एवढ्या लांबच्या लोकांना हे ठाऊक आहे
याचा त्यांना आनंद झाला,
जुनं नातं निघाल्यासारखा.

माझी जोडी वरच्या टोकाला जुळलेली होती.
आधी मोडायची, मग जेवायचं, फुर्बानं खूण केली.
कट्.
आवाज जरा मोठाच झाला.

अकरा महिने झाले होते माझ्या सह्यांना,
आणि अकरा महिने अण्णांनी एक शब्द
तोंडात घोळवून गिळला होता,
पानातल्या कच्च्या सुपारीसारखा.

"काडीमोड," ते म्हणाले. हळू.
स्वतःच दचकले.
मग हसायला लागले, खांदे हलेपर्यंत,
डोळे पुसावे लागेपर्यंत.
"वैजू, इथं तर काडीमोड झाल्याशिवाय
घासच नाही गं!"

मी कधीपासून हसले नव्हते, आठवत नाही.
नूडल्स निवल्या.

मग शिकवणी. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात,
ती हलवायची नाही. वरचीनं काम करायचं.
"म्हणजे एकीनं नुसतं थांबायचं?"
"हो अण्णा."
"तीच जास्त दमत असणार."
यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मीही आईचं नाव काढलं नाही.

बशीतला शेंगदाणा तीनदा निसटला.
एकदा तर शेजारच्या टेबलाखाली गेला.
साठ वर्षं ज्या बोटांनी बांबू ऐकला
ती बोटं दोन काड्यांपुढं थरथरत होती.
चौथ्यांदा उचलला,
श्वास धरून, पुलावरून नेल्यासारखा नेला
आणि माझ्या वाडग्यात ठेवला.

पुढच्या आठवड्यात ठाण्याहून पुडकं आलं,
जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेलं.
मेसाच्या काड्या. मागं चौकोनी,
टेबलावरून घरंगळू नयेत म्हणून,
पुढं गोल, तुपासारख्या गुळगुळीत.
जुळलेल्या नव्हत्या.
वेगवेगळ्याच तासल्या होत्या दोन्ही.
एक केसभर आखूड.
नजर गेली की मुद्दाम, मी विचारलं नाही.

त्यांनी मी पोहे खाते आता.
शेंगदाणे आधी.