फुलपाखरू

घणसोली गाव, दुपार.
ड्राइव्ह कुरकुरते, डीव्हीडी एकदाची धरते.
वर मार्करने लिहिलेलं : प्रभाची हळद, २००७.

तेराव्या मिनिटाला, मांडवाच्या खांबाशी
हसुराम काका.
म्हणजे त्यांचा चौकड्यांचा शर्ट, हातातला ग्लास,
आणि मानेच्या वर
पंखांची उघडझाप करणारं गुलाबी फुलपाखरू.

ते मीच बसवलेलं.
एकोणीस वर्षांचा होतो, सॉफ्टवेअर नवं.
आत्या म्हणाली, ‘झाकून टाक रे त्याला,
व्याही बघतील.’
बारा फ्रेमचं फुलपाखरू, फिरून फिरून तेच.
काय खूश होतो मी,
काकांच्या डुलण्याबरोबर
ते बरोब्बर डुलत होतं म्हणून.

मूळ टेपवर नंतर कुणाचं तरी बारसं चढलं.

काकूला भिंतीसाठी फोटो हवाय.
आधारकार्डावरचा माणूस
तिच्या ओळखीचा नाही.

मी एकेका फ्रेमवर थांबतो.
सहावीला पंख मिटतात :
डावीकडे कान, मिशीचं टोक,
उजवीकडे गाल, फुगलेला,
हसण्याच्या बेतात.
मध्ये बोटभर गुलाबी.
ते काही केल्या निघत नाही.

काकू चष्मा पुसून पडद्याशी येते.
बराच वेळ बघते.
‘ऱ्हाव दे,’ म्हणते, ‘तवरां.’